पाण्याखालच्या फ्लॅशचे डॉक्टर

हैदराबादला समुद्र नाही आणि आमच्या नामदेवरावांना पोहता येत नाही. तरीही पाण्याखाली फोटो काढणारी माणसं बंद पडलेला फ्लॅश घेऊन सुलतान बाजारात त्यांनाच शोधत येतात. माझ्या पुस्तकांच्या दुकानाच्या जिन्याखाली त्यांचं टेबल आहे. महिन्यातून चार माणसं माझ्या दुकानाशी थबकतात, त्यातली तीन नामदेवराव कुठं बसतात ते विचारतात. राग येतो, खोटं कशाला बोलू?

नामदेवराव बासष्ट वर्षांचे, राहायला मलकपेठला. आजोबा बिदरकडची शेती भावांना देऊन इकडे आले. लग्नातल्या फोटोग्राफरांचे फ्लॅश दुरुस्त करता करता हे पाण्याखालच्या फ्लॅशच्या नादाला लागले. त्यांची एक खोड मला अजूनही सहन होत नाही. वस्तू आली की पेचकसाला हात लावत नाहीत, समोरच्याला प्रश्न विचारत बसतात. "पैले माणूस उघडायचा, मग मशीन," असं वर ऐकवतात.

दसरा होऊन आठवडा झाला होता. भरदुपारी रसिका आली. हिमायतनगरची सून, माहेर पुण्याचं, आयटीतली नोकरी सोडून पाण्याखालचे फोटो काढायला लागलेली. एका धरणाच्या दारांचे फोटो काढायचं तिचं पहिलंच काम दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. तिथलं पाणी गढूळ, कॅमेऱ्याला बाहेरून जोडायचा मोठा फ्लॅश पेटला नाही तर नुसता काळोख यायचा. आणि तो पेटत नव्हता. एका दुकानानं सांगितलं, आतला सेन्सर गेलाय, तीन आठवडे लागतील. हे काम हुकलं तर पुन्हा कुणी बोलावणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"सासूबाईंनी पाडला असणार, काका," ती म्हणाली. "मी नसताना बॅग उघडली होती. कबूल करत नाहीत. चार दिवस झाले, आम्ही बोलत नाही. मी पाण्यात उतरते हेच मुळी त्यांना पटत नाही."

"हौ. परेशान होऊ नक्को," नामदेवराव म्हणाले. "घोडं कुठं पेंड खातं ते बघू."

त्यांनी मोठ्या फ्लॅशवरचं तपासणीचं बटण दाबलं. लख्ख उजेड पडला. म्हणजे फ्लॅशही ठीक, बॅटरीही ठीक. मग कॅमेऱ्याचं बटण दाबलं. त्याचा छोटा फ्लॅशही पेटला, मोठा मात्र ढिम्म. छोट्याचा उजेड प्लास्टिकच्या एका बारीक तारेतून मोठ्यापर्यंत जातो, मोठ्याच्या अंगावरच्या भोकात एक डोळा असतो, त्याला उजेड दिसला की तो पेटतो. नामदेवरावांनी तारेचं टोक त्या भोकातून काढून तळहातावर धरलं आणि पुन्हा बटण दाबलं. तळहातावर उजेडाचा टिपका उमटला.

"उजेड इथवर येतो, बेटा. ह्यालाच दिसत नाही."

"मग उघडा की आता," मी न राहवून म्हणालो. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"बॅग कधी उघडली बाईंनी?"

"खंडेनवमीला."

नामदेवराव हसले. कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून त्यांनी भोकात फिरवली. बाहेर आली ती लाल. दुसरी काडी लाल-पिवळी. तिसरी स्वच्छ निघाली. कुसुमताईंनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, फ्लॅशला ओलं हळदकुंकू लावलं होतं. दुसऱ्या दिवशी वरवर पुसलंही होतं, पण आतलं तसंच वाळून बसलं. त्या डोळ्याची काच मुळातच तांबडी, त्यामुळे कुणाला काही दिसलं नाही. काखेत कळसा म्हणतात तो असा.

तार पुन्हा जोडून त्यांनी बटण दाबलं. दोन्ही फ्लॅश एकदम पेटले आणि माझ्या मागच्या फळीवरच्या पुस्तकांवर बऱ्याच वर्षांनी उजेड पडला.

रसिका मात्र कापसाकडेच बघत होती. "त्यांनी ह्याची पूजा केली?"

"त्या दिवशी घरातली हत्यारं पुजतात. मी माझे पेचकस पुजले. तुझ्या घरी सुरी, कात्री, स्कूटर पुजली असेल, त्यांच्यात हा बी बसवला. कपाळ समजून बोट टेकवलं, ते नेमकं भोकात गेलं."

तिनं ती लाल काडी उचलून हातात घेतली. मग ती म्हणाली, "पुढच्या वर्षी सांगते त्यांना, ह्याला लावू नका म्हणून."

"तसं नक्को सांगू," नामदेवराव म्हणाले. "ह्याच्या पट्ट्याला लावा म्हण."

ती तिथंच, जिन्याखाली उभी राहून फोनवर बोलली. "आई, फ्लॅश सुरू झाला. उद्या पहाटे निघतेय." मग आवाज खाली आला. "नाही, तुम्ही पाडला नव्हता. मी उगाच बोलले तुम्हाला. चुकले मी."

कुसुमताईंना फोनवर ओरडून बोलायची सवय असावी, कारण पलीकडचं आम्हा दोघांनाही स्पष्ट ऐकू आलं.

"ते राहू दे गं. तिथं पाणी किती खोल आहे, ते आधी सांग."