रोलचा खर्च वाचला
एकशॉट म्हणजे बाजारपेठेतला जुना फोटोवाला. रोल महाग, म्हणून एका माणसाचा एकच फोटो काढायचा, तोही असा की दुसरा काढावाच लागू नये. त्यावरून हे नाव पडलं. रोल, धुलाई, छपाई, सगळा खर्च गिऱ्हाइकाच्या माथी. घरच्यांचा फोटो म्हटलं की मात्र याचा हात आखडता. बायको म्हणायची, "अहो, मीही माणूसच आहे की!" हा म्हणायचा, "रोल काय फुकट येतो?"

मग डिजिटल आला. कॅमेरा झाला की कॉम्प्युटर, तो झाला की आणखी काही, आणि दर दोन-तीन वर्षांनी सगळं जुनं. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला! धंद्याला रोलच स्वस्त होता, अशी त्याची कुरकुर कायम असे. पण बटण दाबायला पैसे पडत नव्हते ना! मग काय, गडी सुटलाच. बायको भाजी चिरताना, केस वाळवताना, त्याच्यावरच खेकसताना. जन्माची कसर त्यानं भरून काढली.

हे सगळे फोटो एका हार्ड डिस्कमध्ये भरले आणि डिस्क बटर पेपरात गुंडाळून निगेटिव्हच्या कपाटात ठेवली. निगेटिव्हला उगाच हात लावायचा नाही, हा धंद्यातला पहिला धडा. त्यानं वर्षानुवर्षं लावला नाही.

बायको गेली. मुलीच्या मोबाइलमध्ये आजारपणातलेच फोटो होते, ते तिला बघवत नव्हते. "बाबा, आईचा एक हसरा फोटो द्या ना." त्यानं डिस्क जोडली, ती चालूच होईना.

दुरुस्तीवाल्यानं ती उघडून पाहिली. "काका, ही नुसती ठेवून चालत नाही, अधूनमधून चालवावी लागते. दुसरी कॉपी असेल ना?"

"निगेटिव्हची कुठे दुसरी कॉपी असते?"

"मग यातलं आता काही मिळणार नाही."

मुलगी धीर सोडेना. दोघांनी कपाट उपसलं. परक्यांची लग्नं, परक्यांची बाळं, निगेटिव्हच्या एकाही पट्टीवर ओरखडा नाही. एकशॉटला त्या धडधाकट पट्ट्यांचा संताप आला. लग्नांच्या कामांना बायको त्याच्यासोबत असायची, लाइटची छत्री धरून शेजारी उभी. मुलगी प्रत्येक पट्टी उजेडात धरून फोटोंच्या कडा बघत होती.

"बाबा, कुठेतरी आली असेलच आई. निदान हात तरी!"

त्यानं तिच्या हातातली पट्टी काढून खाली ठेवली.

"नाही गं आली. मीच ओरडायचो तिच्यावर, बाजूला हो म्हणून."