हेडबाईंच्या बाकाचा पत्ता

चर्चच्या कुटुंब-मदत संस्थेचा टेम्पो मामा चालवत. त्यांची हयात रुग्णवाहिका चालवण्यात गेली होती. निवृत्तीनंतर पेशंटच्या जागी कपाटं आली, एवढाच काय तो फरक. अडचणीतल्या एखाद्या कुटुंबाला जुनं कपाट पोचवायचं असलं, तरी मामा असे सुसाट निघत की जणू कपाटाला धाप लागलीय. सिग्नलला अडकले की खिडकीतून डोकं काढून ओरडत, "अहो, जाऊ द्या! आत खाट आहे!"

संस्थेची पद्धत सरळ होती. लोकांनी दिलेलं सामान मामी गोदामात घासूनपुसून ठेवत आणि ज्या वस्तूला घर मिळालं ती चर्चच्या व्हरांड्यात येई. व्हरांड्यात दिसलं की मामा उचलत आणि यादीतल्या पुढच्या घरी पोचवत. विचारपूस नाही. "जखमीला कुणी विचारतं का, येतोस का म्हणून?" हे त्यांचं तत्त्व.

त्या शुक्रवारी चर्चची फरशी धुवायला काढली आणि पहिल्या रांगेतला बाक तासभर व्हरांड्यात ठेवला. तासाभराने फरशी लखलखत होती आणि बाक गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचला होता.

"मामा, तो हेडबाईंचा बाक!" फादरनी कपाळाला हात लावला.

हेडबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. तो बाक त्यांनी स्वतःच्या पाठीच्या मापाने करून घेतला होता. त्यावर दुसरं कुणी टेकलं तर त्या अशा बघत, की माणूस उठून थेट पश्चात्तापालाच लागे.

"टेम्पोही त्यांनीच दिलाय. रविवारी बाक जागेवर नसला, तर किल्ली माझ्याकडे," फादर म्हणाले.

मामांच्या पायाखालची जमीन सरकली. टेम्पो गेला तर दिवसभर घरात बसून मामींच्या हाताखाली लसूण सोलायची पाळी!

शनिवारी संध्याकाळी ते बाक मागायला गेले. लाँड्रीत इस्त्री करणारी एक बाई, तिची सासू आणि चार पोरं, सगळे एका खोलीत. पोरं बाकावर ओळीने बसून जेवत होती आणि टोकाला सासूबाई महाराणीसारख्या विराजमान.

"या, बसा! आता बसायला आहे आमच्याकडे," सून म्हणाली.

मामा बसले. "बाक... बरा आहे ना?"

"का? त्याला काय झालं होतं?"

"तसं नाही. अडचण होत असेल, म्हटलं."

"अडचण कसली! काल पहिल्यांदा पोरं एकत्र जेवली. नाहीतर एक खाटेवर, एक दारात, धाकटा पालथ्या बादलीवर."

मामांनी चहा घेतला, बाकाची तारीफ केली आणि हात हलवत परतले.

"अहो, जन्मभर माणसं उचलून आणलीत, एक बाक आणवला नाही?" मामी कडाडल्या.

"पेशंट कण्हायचे गं. ही माणसं हसत होती!"

"मग खरं काय ते सांगा त्यांना. का तेही मीच येऊन सांगू?"

रविवारी सकाळी मामांनी इस्त्रीवाल्या बाईच्या दारातच एका दमात सगळं सांगून टाकलं. सुनेचा चेहरा उतरला. ती बाक पुसायला लागली. सासूबाईंनी मात्र विचारलं, "त्या बाई रोज बसतात?"

"नाही. रविवारी, तासभर."

"आणि बाकीचे दिवस?"

"रिकामाच."

"मग झालं तर! रविवारी त्यांचा, एरवी आमचा. आणि मीही येणार. तुमचा काय भरवसा, मध्येच आणखी कुणाकडे पोचवाल!"

बाक उशिरानेच पोचला, तेव्हा हेडबाई मोकळ्या जागेसमोर छडीसारख्या ताठ उभ्या होत्या. फादरनी आधी मामांकडून किल्ली काढून घेतली. बाक ठेवताक्षणी सासूबाई त्यावर बसल्या. हेडबाईंनी आपली ती नजर टाकली, पण सासूबाईंना मोतीबिंदू. नजर पोचलीच नाही.

"बसा की बाई, उभ्या का?" सासूबाईंनी शेजारची जागा थोपटली. "आमचाच बाक आहे."

"तुमचा?"

"रविवार सोडून."

सारं चर्च श्वास रोखून बघत होतं. हेडबाई बसल्या. टोकाला बसल्या, पण बसल्या.

प्रार्थना संपली, माणसं पांगली, तरी दोघी उठेनात.

"पाठीला बरा वाटतो ना?" हेडबाईंनी विचारलं.

"बरा? स्टुलावर बसून कंबरेचा पार भुगा झाला होता माझ्या!"

"मलाही डॉक्टरांनी ताठच बसायला सांगितलंय."

मग कंबर झाली, गुडघे झाले, डॉक्टरांची अक्कल काढून झाली. शेवटी सासूबाईंबरोबर आलेली पोरं बाक उचलायला पुढे आली, तशा हेडबाई चमकल्या.

"कुठे नेताय?"

"घरी."

"तिथली फरशी सपाट आहे का? बाक डुगडुगलेला मला चालणार नाही."

"मग या ना बघायला."

हेडबाई तरातरा बाहेर गेल्या आणि टेम्पोत पुढच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन बसल्या. "चला! चालवतंय कोण?"

मामांनी फादरांपुढे हात पसरला. फादरनी एकदा हेडबाईंकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे, आणि खिशातून किल्ली काढून दिली.