आठ गुणांचं बिस्कीट

आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरात, अधारतालच्या पुढे, महाराजपूरच्या बाजूला एका छोट्या बिस्कीट कारखान्यात मी बिस्किटं चाखायच्या कामावर होते. ऐकून लोक हसायचे. पण सकाळपासून चहा नाही, कांदा-लसूण नाही, असं करून हे काम करावं लागे. क्रीमचं बिस्कीट आधी कानाजवळ मोडायचं. आवाज कोरडा यायला हवा. मग दुसरं घेऊन त्याच्या दोन्ही चकत्या फिरवून वेगळ्या करायच्या आणि क्रीम काठापर्यंत पोचलंय का ते बघायचं. शेवटी नुसतं क्रीम जिभेने टाळूला लावायचं. चांगलं क्रीम विरघळतं आणि मागे जरासा गारवा सोडतं. वाईट क्रीम मेणासारखं चिकटून बसतं. मग दहापैकी गुण द्यायचे, कोमट पाण्याने चूळ भरायची आणि पुढचं बिस्कीट घ्यायचं.

माझ्याबरोबर एक वयस्क बाई हेच काम करायच्या. सगळे त्यांना दीदी म्हणत. दोघींनी वेगवेगळे गुण लिहायचे आणि नंतर कागद जुळवायचे, असा नियम होता. आमच्यात अर्ध्या गुणाचा फरक पडला तरी दीदी मला पुन्हा चाखायला लावत.

एप्रिलमध्ये आई गेली. तीन दिवस दवाखान्यात होती, चौथ्या दिवशी नव्हती. कांचघरच्या आमच्या घरी नागपूरहून नातेवाईक आले. बुद्धवंदना झाली, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. मी पाहुण्यांना वाढलं, गाद्या घातल्या, गाद्या काढल्या. मामी म्हणाली, "पोरगी रडून नाही राहिली, तिला रडू द्या." मला रडू येतच नव्हतं. कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी मी कामावर गेले.

बिस्कीट मोडलं, आवाज ऐकू आला. क्रीम जिभेवर ठेवलं. ते मऊ आहे, एवढं कळलं. संत्र्याचं की व्हॅनिलाचं, ते रंगावरून ओळखलं. बाकी काही नाही. मी वाट पाहिली, मग पाणी प्यायले आणि आठ लिहिले. आमची बिस्किटं बहुतेक आठचीच असायची. दीदींचेही आठच होते.

असे दोन-तीन आठवडे गेले. घरी आता बाबा स्वयंपाक करत. खमरियाच्या फॅक्टरीतून रिटायर होईपर्यंत त्यांनी कधी चूल पेटवली नव्हती. एकदा मी अर्धी पोळी खाल्ली तेव्हा ते म्हणाले, "काहून, भाजीत मीठ जास्त झालं का?"

"नाही, ठीक आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्या ताटातली भाजी उचलून स्वतःच्या ताटात घेतली आणि मला दही वाढलं. नंतर पातेलं धुताना मी पाहिलं, ती भाजी त्यांनी तशीच टाकून दिली होती. खाण्यासारखी नसणार.

मे महिन्यात तुपाचा एक डबा उन्हात राहिला होता आणि त्याचंच क्रीम झालं. मी चाखलं, आठ लिहिले. शेजारी दीदींनी तोंडातलं बेसिनमध्ये थुंकलं.

"ये तो साबुन है," त्या म्हणाल्या. मग माझा कागद बघितला. "तूने खाया था ना?"

"खाया था."

त्यांनी त्याच बिस्किटाचा दुसरा तुकडा माझ्या हातावर ठेवला. "फिर से."

मी खाल्ला. चावून, गिळून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी हळूच विचारलं, "कबसे?"

"आई गेल्यापासून," मी मराठीतच म्हणाले. त्यांना कळलं.

त्या म्हणाल्या, कोणाला सांगू नकोस, तुझे गुण मी सांगत जाईन, चव येईल परत. दोन दिवस तसं केलं. तिसऱ्या दिवशी मी स्वतःच कारखान्याच्या साहेबांकडे गेले. ही बिस्किटं लहान मुलं खातात. त्यांच्यासाठी खोटे गुण लिहिताना मला वाईट वाटत नव्हतं, हेच मला बरोबर वाटेना. साहेब चिडले नाहीत. डॉक्टरला दाखव म्हणाले आणि मला पुड्यांच्या वजनाच्या खोलीत पाठवलं. डॉक्टरला जिभेत, नाकात काही सापडलं नाही.

ऑगस्टमध्ये एकदा जेवताना वरणाचा घास घेतला आणि दात आंबले. मी थांबले.

"चिंच जास्त झाली का?" बाबांनी विचारलं.

"हो, झाली."

ते चष्मा काढून शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसत बसले. मी वरण-भात संपवला, आणखी घेतला.

नंतर गोड कळायला लागलं, मग तिखट. चाखायला परत येतेस का, असं साहेबांनी विचारलं तेव्हा मी नको म्हणाले; पुन्हा आठ लिहिताना माझा स्वतःवर विश्वास बसला नसता. चाखायला आता दुसरी बाई आहे. दुपारी दीदी डबा घेऊन वजनाच्या खोलीत येतात आणि आम्ही काट्याशेजारी बसून जेवतो.