ऑक्सिजनशेजारी निरांजन

बापानं पोटात लाथ घातली आणि माझी प्लीहा फुटली. तो आईला मारायला धावला होता, मी मध्ये पडलो, एवढंच माझं कर्तृत्व. बूढापारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरात मारझोड रोजचीच. शेजारी टीव्हीचा आवाज वाढवून मोकळे व्हायचे.

एका नर्सिंग होममध्ये ऑपरेशन झालं. शुद्धीवर येताना मी म्हणे नर्सलाच गुद्दा मारला. तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क ओरबाडून काढत होतो. "भैया, मास्क मत निकालो," सांगून ती थकली आणि शेवटी तिनं माझे दोन्ही हात पलंगाला पट्टीनं बांधले. असा संताप आला होता, की हात सुटते तर मी अख्खा वॉर्ड बडवला असता.

दुपारी आई आली. हातात ताट, ताटात कुंकू, अक्षता आणि पेटवलेलं निरांजन. मरणाच्या दारातून परतलेल्याला आधी ओवाळायचं, मग बोलायचं, ही तिची रीत. नर्स नेमकी शेजारच्या खोलीत गेलेली.

मी बीरगांवच्या कारखान्यात गॅस कटिंग करायचो. आमचं शहर नव्या राज्याची राजधानी झाल्यापासून बांधकामं वाढली होती, लोखंड कापण्यातून उसंत नव्हती. ऑक्सिजनजवळ ठिणगी पडली की काय होतं, ते मी पाहिलं होतं. एका सोबत्याची बाही बघता बघता भडकली होती. आणि इथं तोच वायू मास्कच्या कडांतून माझ्या गालांवर, उशीवर पसरत होता.

"दिवा दूर ने!" मी ओरडलो. ऑपरेशनवेळी घातलेल्या नळीनं सोललेल्या घशातून नुसती घरघर निघाली.

"हव रे बाप्पा, दुखून राहिलं ना? ओवाळते अन् बसते."

ती पायथ्याकडून पलंगालगत पुढे सरकली. मला मरायचं नव्हतं. तिला जाळायचं तर मुळीच नव्हतं. मोकळे होते फक्त पाय. टाके फाटले तर फाटले म्हणत मी सगळा जोर लावून लाथ झाडली.

लाथ आईच्या पोटात बसली. ताट भिंतीवर आदळलं, निरांजन फरशीवर पडून विझलं, आई कोपऱ्यात कोसळली. नर्स धावत आली आणि दिवा पाहून तिनं आईलाच फैलावर घेतलं.

संध्याकाळी मास्क निघाला. मी कसाबसा म्हणालो, "आई, ऑक्सिजन होता. दोघंही जळलो असतो."

"मालूम आहे मले. सिस्टरनं सांगतलं." ती पदराखालून पोट चोळत होती. "तुनं वाचवलंच मले. पण लात, बाप्पा, तुह्या बापाचीच होती."