डिकीतली शाल

आमच्या मामांच्या स्कूटरच्या डिकीत कायम एक शाल असायची. पाना नसायचा, पावसाळ्यात रेनकोट नसायचा, पण प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेली शाल आणि शेजारी एक नारळ हमखास. नारळ फार दिवस पडून राहिला की मामी तो फोडून चटणी करायची आणि मामा दुसरा आणून ठेवायचे. फुलंब्रीच्या चौकात त्यांचं बी-बियाण्याचं आणि खतांचं दुकान. गावात कुणाचं काही चांगलं झालं असं कानावर आलं, की मामा समोरचं गिऱ्हाईक तसंच सोडून उठायचे. दहावी पास झालेला पोरगा, नवा ट्रॅक्टर घेतलेला शेतकरी, लेकीकडे विमानाने जाऊन आलेली म्हातारी, कुणीही चालायचं. गावाने त्यांचं नाव सत्कारमामा ठेवलं होतं. ते चिडवण्यासाठी ठेवलं होतं हे मामांच्या लक्षातच आलं नाही.

"मेल्यावर समद्यालाच कापड मिळतं," ते म्हणायचे, "जित्या माणसाला मिळालं पायजे."

भाषण ठरलेलं असायचं. "आपल्या गावचं नाव" इथून सुरुवात व्हायची आणि तिसऱ्या वाक्याला त्यांचा गळा भरून यायचा. धनगर वस्तीवरच्या नामाने एकदा लांडग्याच्या तोंडून मेंढी सोडवली, तेव्हा मामांनी भर रस्त्यात स्कूटर उभी करून त्याला शाल घातली होती. नामा बिचारा बावरून म्हणाला, "मामा, ही मला का मेंढीला?" मामा म्हणाले, "तुला. मेंढी जगली, तिला आजून काय पायजे?" पुढे कित्येक हिवाळे नामा ती शाल पांघरून मेंढरांमागे हिंडताना दिसायचा.

अशा माणसाची मी सख्खी भाची. आणि त्यात मी निवडला होता आंतरराष्ट्रीय संबंध आणि मानवी हक्क हा विषय. त्यात पदव्युत्तर शिक्षण कुठे घ्यायचं, याचा घोळ आमच्या शहरातल्या, गारखेड्याच्या घरात वर्षभर चालला होता. एका संध्याकाळी मामा चहा घेत बसले होते आणि परदेशातल्या एका विद्यापीठाचा मेल आला. जागा देऊ, पण सगळ्या पैशांची सोय कशी करणार ते कळवा, मग पक्कं करू, असा त्याचा मथितार्थ होता. आईने देवापुढे साखर ठेवली. मामांचा चेहरा बघून मला धोका कळला. मी स्पष्ट सांगितलं, "मामा, अजून पक्कं नाही हं. अट आहे."

"अटी समद्यालाच असत्यात," मामा म्हणाले. "लग्नालाबी असत्यात. लग्न होतंच की."

त्याच आठवड्यात आई आणि मी फुलंब्रीला निघालो होतो. बस चौकात वळली आणि आईने माझा दंड धरला. दुकानासमोर खांबांना बांधलेला भलामोठा फ्लेक्स, आणि त्यावर मी. मामेबहिणीच्या लग्नातला फोटो होता, नऊवारी, नथ, हातात आइस्क्रीमची वाटी होती ती कापून टाकलेली. मागे विमान, पृथ्वीचा गोल आणि पांढऱ्या घुमटाची एक इमारत. ती इमारत मी ज्या देशात जाणार होते त्या देशातली नव्हती. 'परदेशात उच्च शिक्षणासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' खाली शुभेच्छुकांचे गोल गोल चेहरे, त्यातले निम्मे मला अनोळखी. मामांचा स्वतःचा फोटो मात्र कुठेच नव्हता. विचारलं तर म्हणाले, "जागा उरली नाय."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक का म्हणतात ते मला त्या चौकात समजलं. शाल झाली, नारळ झाला, मामांचा गळा भरून आला. गर्दीतल्या कुणीतरी विचारलं, "म्हंजी कलेक्टर व्हणार का ताई?"

"त्येच्या वरचं," मामा म्हणाले. "कलेक्टर जिल्ह्याचा. ही जगाची."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी राहिले. त्यानंतर फुलंब्रीला जायचं झालं तर मी एक थांबा आधीच उतरायचे आणि मागच्या गल्लीतून मामांच्या घरी पोचायचे.

इकडे निवडीचा घोळ संपला नव्हता. आपल्याच देशातल्या एका विद्यापीठातही मला मानवी हक्कांच्या अभ्यासक्रमाला जागा मिळाली होती. दोन वर्षांचा, दिसायला साधा. आठवड्यातले दोन दिवस कायदा मदत केंद्रात बसून लोकांचे अर्ज लिहायचे. परदेशी विद्यापीठाने इच्छुकांसाठी एक ऑनलाइन व्याख्यान ठेवलं होतं. तिथल्या बाई फार गोड आवाजात सांगत होत्या, की दुसऱ्या सत्रात विद्यार्थ्यांना एखाद्या दुष्काळी भागात नेतात, तिथली माणसं कशी राहतात ते समजून घ्यायला. पडद्यावर डोक्यावर हंडा घेतलेली एक बाई आली. ती हुबेहूब नामाच्या बायकोसारखी दिसत होती. तिला समजून घ्यायला मला फुलंब्रीची बस पुरली असती.

त्याच सुमारास शिष्यवृत्तीचंही कळलं. अर्धीच मिळत होती. बाकीच्यासाठी गारखेड्याचं घर बँकेकडे ठेवावं लागलं असतं. तेव्हा मी नाही म्हणायचं ठरवलं. दोन्ही कारणं खरी आहेत. पण कुणी विचारलं की मी हंडेवाल्या बाईचं सांगते, घराचं सांगत नाही, आणि सांगून झालं की स्वतःचीच लाज वाटते.

नाही म्हणायचं ठरलं तरी मेल पाठवायला मन धजेना. अभ्यासक्रम निवडताना लोक प्राध्यापक बघतात, फी बघतात, नोकरी बघतात. मला डोळ्यांपुढे फ्लेक्स दिसत होता. आई म्हणाली, "तुझं तू बघ बाई. पण गावात तुझ्या मामाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही." एकदा तर, होऊ दे कर्ज, जाऊ दे घर, मामांचा शब्द राहू दे, असं म्हणून मी लॅपटॉप उघडलाही होता. शेवटी तो बंद केला आणि फुलंब्रीला गेले, मागच्या गल्लीने.

मामा कपाशीच्या बियाण्याची पाकिटं रचत होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. ते स्टुलावर बसले.

"म्हंजी त्यांनी नाय म्हणलं का?"

"नाही मामा. मीच म्हणतेय."

"दुसऱ्या जागी काय शिकवत्यात?"

मी कायदा मदत केंद्राचं, अर्जांचं सांगितलं. समोर फ्लेक्सवर मी नथ घालून हसत होते. मामांनी एकदा तिकडे बघितलं.

"पहिलं फ्लेक्सवर ब्येस दिसतंय," ते म्हणाले. "दुसरं कामाचं वाटतंय. तू दुसरंच घे."

फ्लेक्स उतरवला असता तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण मामांच्या मते निवड तर झालीच होती, चूक फक्त एका शब्दाची होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिडी लावून 'परदेशात' या शब्दावर पांढरी पट्टी चिकटवली. वारा सुटला की पट्टी उचलायची, परदेश दिसायचा, पुन्हा झाकला जायचा. मामा दुकानातून काठी घेऊन यायचे आणि ती दाबून बसवायचे. येणारेजाणारे विचारायचे, "काय मामा, इमान चुकलं का?" मामा प्रत्येकाला थांबवून सांगायचे, "तिकडून व्हय आलं व्हतं. हिनं नाय म्हणलं." कुणाचा विश्वास बसला नाही. गावाच्या लेखी सत्कारमामांनी लोणकढी थाप मारली होती. हे मला मामीकडून कळलं.

मी निघाले त्या दिवशी ते स्कूटरवरून स्टेशनात आले. माझं लक्ष डिकीकडे होतं. इतके दिवस जिची धास्ती घेतली ती शाल त्या दिवशी मला हवी होती. मामांनी डिकी उघडली नाही. "नीट जा," म्हणाले, "समदं पक्कं झालं की बघू." 'पक्कं' हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

शिक्षण संपवून मी परत आले. आता हर्सूलला बसते, तिथल्या तुरुंगात भेटीला येणाऱ्या बायामाणसांचे अर्ज लिहिते. सवड मिळाली की तिथूनच फुलंब्रीची बस धरते. वाटेत नामाची वस्ती लागते. मामांनी तो फ्लेक्स त्याला दिला, आणि नामाने तो मेंढ्यांच्या वाड्यावर ताणून बांधला. पट्टी केव्हाच गळून पडली आहे. ऊन खाऊन माझा चेहरा विटलाय, 'परदेशात' मात्र ठळक वाचता येतं. खाली मेंढरं बसलेली असतात. बसच्या खिडकीतून मी दर वेळी दुसरीकडे बघते.

गेल्या उन्हाळ्यात मी दुकानात बसले होते आणि नामा पेढे घेऊन आला. त्याच्या लेकीचं, सुनीताचं, नर्सच्या भरतीच्या यादीत नाव आलं होतं. मामांनी पेढा घेतला.

"ऑर्डर आली का हातात?"

"नाय, यादीत नाव लागलंय."

"मग येऊ दे आधी. पक्कं होऊ दे."

नामा पायरीवर जरा वेळ उभा राहिला. मग पुड्याचं झाकण लावून गेला. मी उठून बाहेर आले आणि स्कूटरची डिकी उघडून बघितली. आत रेनकोट होता आणि एक पाना. भर चौकात फ्लेक्सखाली उभी राहून वाटली नव्हती इतकी लाज मला त्या पान्याकडे बघून वाटली. ज्या माणसाने कुणाच्या आनंदाची खातरजमा म्हणून कधी केली नाही, त्याला ती करायला माझ्यापायी शिकावं लागलं होतं.

पुढच्या रविवारी शहरात गुलमंडीच्या बाजारातून मी एक शाल घेतली, सोबत नारळही. मामांच्या दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांसमोर ती त्यांच्या खांद्यावर घातली. "आपल्या गावचं नाव" इथपर्यंत आले आणि माझाच गळा दाटला.

"कशाबद्दल गं माय?" मामांनी विचारलं.

मामांनी शाल खांद्यावरून काढली, दोन बोटांत धरून पोत बघितला, "चांगली हाय" म्हणाले आणि नीट घडी घालून बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत ठेवली. मग बाहेर जाऊन डिकीतला रेनकोट काढला आणि तिथे ती पिशवी ठेवली. नारळ माझ्या हातातच होता. तोही त्यांनी मागून घेतला.

"बस मागं. नामाकडं जाऊ."

"मामा, सुनीताची ऑर्डर अजून आली नाही."

"येईल की," किक मारत मामा म्हणाले. "अटी समद्यालाच असत्यात."

वस्तीवर मेंढ्यांच्या वाड्यासमोर सुनीता ओल्या हातांनी उभी राहिली. मामांनी तिला शाल घातली, नारळ दिला, आणि तिसऱ्या वाक्याला त्यांचा गळा भरून आला. तिच्या डोक्यावर माझा विटका चेहरा फडफडत होता. मी मान खाली घालून टाळ्या वाजवल्या.