शेवटच्या वाचकाने आधी बोलायचं

"अजून नवव्या पानावरच हाय म्हणते. कासव परवडला," जिन्यात कोणीतरी म्हणालं.

नवव्या पानावर मी होते. दाराच्या आत, हातात साप्ताहिक धरून उभी. आणि ते माझं केव्हाच वाचून संपलं होतं.

रोह्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्या घरांत मिळून एकच साप्ताहिक येई. वरच्या मजल्यावरच्या काकूंचा भाऊ ते पेणच्या स्टँडवर घेऊन एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचा. पहिला मान काकूंचा. मग ज्या घरातला माणूस धाटावच्या कारखान्यात पहिल्या शिफ्टला गेला असेल ते घर, असं करत सर्वात शेवटी मी. सगळ्यांचं वाचून होईपर्यंत अंकाबद्दल चकार शब्द काढायचा नाही आणि शेवटच्या वाचकाने आधी बोलायचं, असा काकूंचा नियम होता. दुसऱ्याचं ऐकून नुसती मान डोलावणारी माणसं त्यांना आवडत नसत.

माझी शाळा पेणची, इंग्रजी माध्यमाची. त्यामुळे मला मराठी वाचायला वेळ लागतो, हे सर्वांनी धरूनच चाललं होतं. मीही ते खोडून काढलं नाही. इतक्या बायकांसमोर पहिलं वाक्य आपण बोलायचं, या विचारानेच मी पुन्हा पहिल्या पानावर जायचे.

त्या अंकात एका नटीची मुलाखत होती. फोटोत ती स्वयंपाकघरात तांदळाची भाकरी थापत होती, आणि त्या भाकरीवरून बिल्डिंगमध्ये दोन तट पडले होते. बोलायला तर बंदी. मग समोरच्या बाई, ज्या शाळेत शिकवायच्या, गच्चीवर कपडे वाळत घालताना ओल्या टॉवेलला सांगायच्या, "काही जणींच्या नखांना पीठच लागत नाही बाई!" खाली नळावर काकू बादलीला ऐकवायच्या, "ज्यांची भाकरी फुगत नाय, त्यांनी नखाच बघावी."

काकू धरमतरच्या खाडीकडच्या. एवढी मोठी नटी आपल्यासारखीच भाकरी थापते, याचा त्यांना इतका अभिमान वाटला होता की त्यांनी फोटोतल्यासारखी परात आणली आणि भाकरीला बसताना त्या केसांत गजरा माळू लागल्या.

पुढचा अंक आला. आधीच्यावर बोलणं झाल्याशिवाय तो उघडता येईना. काकूंनी तो टीव्हीवर ठेवून वर इस्त्री ठेवली. माझ्याकडे आजारी माणसासारखं लक्ष पुरवलं जाऊ लागलं. एकीने अळूवड्या पाठवल्या. एकीने आईला विचारलं, पोरीचे डोळे तपासलेत का? आई म्हणाली, "डोळे चांगले आहेत. तोंडाचंच काय ते बघा."

शेवटी एका रविवारी काकू सगळ्यांना घेऊन आमच्याच घरी आल्या. शिफ्ट करून आलेले बाबा दारातली चपलांची रास पाहून तसेच माघारी फिरले.

"आण गो तो अंक. मी वाचते, तू आयक. आज निकाल लागलाच पायजे."

काकू खणखणीत वाचत होत्या. नटीचं लहानपण झालं, आईच्या हातची चव झाली. मग काकू खोकल्या, पाणी प्यायल्या आणि एकदम नटीच्या कुत्र्यांवर आल्या. समोरच्या बाई अर्ध्या उठल्या. पण नियम आड आला. तोंड घट्ट मिटून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या मानेची शीर तेवढी उडत होती.

काकूंनी अंक मिटला. "झालं वाचून. आता बोल. मान नको डोलवू." आणि मग, फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू, "चांगली हाय ना गो ती?"

गजरा ताजा होता. मला ती मुलाखत एव्हाना पाठ झाली होती.

"काकू," मी म्हणाले, "मधला एक परिच्छेद राहिला. ते स्वयंपाकघर फर्निचरच्या दुकानातलं आहे, आणि भाकरी फोटोग्राफरच्या आईने केली आहे."