नरहरी मामांचा टच

नरहरी मामा आज सकाळी पोखर्णीत वारले.
त्यांचं वाजवणं मात्र मी तीस वर्षांपूर्वीच संपवलं होतं.

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर व्हायच्या एक-दोन वर्षं आधी परभणीत आमचा ऑर्केस्ट्रा होता. मी गायचे, मामा पेटी वाजवायचे. मग मॅनेजरनं हैदराबादहून कीबोर्ड आणला. मागे 'मिडी' लिहिलेलं भोक होतं, त्यात काय घालायचं हे आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या कीबोर्डला टच होता. हळू दाबलं तर हळू वाजणार, जोरात दाबलं तर मोठ्यानं.

मामांचा जन्म पेटीवर गेलेला. पेटीत जोर भात्याचा, बोट नुसतं सूर उघडतं. त्यामुळे मामांचं बोट अगदी अलगद. पहिल्या प्रोग्रॅमला पुढच्या रांगेलासुद्धा काही ऐकू गेलं नाही. आणि मामांचा डावा हात मांडीवर भाता मारतोय! आम्ही हसून बेजार.

मॅनेजर हसला नाही. "मामा, आवाजच येत न्हाई. मी दुसरा माणूस बघायलोय."

मामा माझ्याकडे आले. "सुनंदा, कीबोर्डाबरोबरचं ते इंग्लिश पुस्तक तुलाच वाचता येतंय. हप्ताभर माझ्यापाशी बस. शिकतो मी."

हप्ताभर? तीन प्रोग्रॅम तोंडावर, घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. जाम थकले होते. मी टचच ऑफ करून टाकला. कसंही दाबा, आवाज एकसारखा मोठा.

मॅनेजर खूश. मामांची जागा वाचली. मीही स्वतःवर खूश.

राणीसावरगावचा प्रोग्रॅम करून टेम्पोतून परतताना मामा म्हणाले, "हे मी वाजवत न्हाई माय, ते आपलं आपणच वाजायलंय. एखादा सूर हळू घ्यावा म्हणलं तर घेता येईना."

"लोकांना ऐकू येतंय ना मामा? मग झालं."

पुन्हा त्यांनी विषय काढला नाही. दोन वर्षं मान खाली घालून तसंच वाजवलं, मग ऑर्केस्ट्रा सोडला. देवळातल्या पेटीलाही हात लावला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "बोटातलं गेलं." हे आज त्यांच्या मुलीनं फोनवर सांगितलं.

आता माझंही वय झालं. सबबी सांगायचा कंटाळा येतो.

त्या कीबोर्डला टचचं अजून एक सेटिंग होतं. 'सॉफ्ट'. हलक्या बोटांसाठीच. अलगद दाबलं तरी ऐकू जाईल, आणि लहान-मोठंही करता येईल.
पुस्तकात मी ते वाचलं होतं.
फक्त मामांना शेजारी बसवून, वाजवायला लावून जुळवायचं होतं. तासाभराचं काम.

मी बसले नाही.

मामा, माफ करा. सुखानं जा.